आस्थापना मंडळात बसलेले एसपी साहेब कायद्याने नक्की कोण? बदलीच्या आदेशावरून पडलेला प्रश्न

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल.

माझे मिस्टर पोलीस हवालदार आहेत, नोकरीला एकवीस वर्षं झाली. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, मराठवाड्यातला आहे एवढं पुरे. तालुक्याच्या ठाण्यात ते अडीच वर्षांपूर्वी हजर झाले. १४ जूनला रात्री साडेनऊला मोबाईलवर आदेशाचा फोटो आला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली, 'प्रशासकीय कारणास्तव', तत्काळ कार्यमुक्त. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडलंसुद्धा. नवीन ठाणं घरापासून ९२ किलोमीटर. मुलगी दहावीला आहे. सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं आणि ती सोय इथे तालुक्यालाच आहे.

कारण काय असेल याचा अंदाज आम्हाला आहे. मे महिन्यात रात्रपाळीला त्यांनी वाळूचा एक टिप्पर ठाण्यात आणून लावला आणि स्टेशन डायरीला नोंद घेतली. नोंद बदल म्हणून निरोप आला, त्यांनी बदलली नाही. हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून तो विषय इथेच सोडते.

माझा प्रश्न आदेशाबद्दल आहे. सुरुवातीलाच ओळ आहे: 'जिल्हा पोलीस आस्थापना मंडळाच्या मान्यतेने खालील पोलीस अंमलदाराची बदली करण्यात येत आहे.' खाली सही एकट्या एसपी साहेबांची, पदनाम 'पोलीस अधीक्षक'. मंडळाचे अध्यक्ष असा शब्द कुठेच नाही. मी माहितीच्या अधिकारात बैठकीचं इतिवृत्त मागवलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर, दोन पानं, चार रुपये. इतिवृत्तावर तारीख १७ जून! माणूस १५ ला सुटला आणि त्याला हलवायचं की नाही ते मंडळाने १७ ला ठरवलं?

ऑफिसात विचारायला गेले तर टेबलावरचे दादा म्हणाले, "वहिनी, मंडळ म्हणजे साहेबच की."

असं असतं का? एसपी साहेब जिल्ह्याचे प्रमुख, तेच मंडळाचे अध्यक्ष, उद्या मिस्टरांवर काही चौकशी लागली तर शिक्षा देणारेही तेच. मग मंडळात बसलेला माणूस कायद्याने कोण असतो? बाकीचे दोन साहेब त्यांच्याच हाताखालचे. त्यांच्या सहीला काही किंमत आहे की नाही? आणि दाद मागायची तर कुणाविरुद्ध मागायची, साहेबांविरुद्ध की मंडळाविरुद्ध?

मिस्टर म्हणतात गप्प बस. ते हजर झालेत तिकडे. मला गप्प बसवत नाही.

निवृत्त_बारनिशी

ताई, एसपी ऑफिसात माझी तेहतीस वर्षं गेली. सुरुवात बारनिशीत आवक-जावकच्या रजिस्टरवर झाली आणि शेवटची नऊ वर्षं आस्थापना शाखेत. तुमचा जिल्हा माझा नव्हे, पण फाइल सगळीकडे सारखीच चालते.

"मंडळ म्हणजे साहेबच" हे वाक्य मीही पुष्कळ ऐकलं. ते चूक आहे, आणि का चूक आहे ते नीट सांगतो.

आपल्या पोलीस अधिनियमात, म्हणजे १९५१ च्या त्या जुन्या मुंबई पोलीस कायद्यात, एसपी हे पद कलम ७ मधून येतं. शासन जिल्ह्याला अधीक्षक नेमतं, तो फोर्सचा प्रमुख. ही झाली त्यांची एक ओळख. कलम २५ खाली अंमलदाराला शिक्षा देण्याचा अधिकार आहे, ती दुसरी. आणि कलम २२ जे-१ मध्ये जिल्हा पातळीवरचं आस्थापना मंडळ आहे, त्याचे ते अध्यक्ष, ही तिसरी. माणूस एकच, खुर्चीही तीच, पण अधिकार तीन वेगळ्या दारांनी आलेले. पहिल्या दाराचा अधिकार तिसऱ्या दारातून वापरता येत नाही. दुसऱ्याचाही नाही.

२०१४ च्या आधी एसपी एकट्याच्या सहीने अंमलदार हलवत. फेब्रुवारी २०१४ मध्ये अध्यादेश निघाला, मग त्याचा कायदा झाला, पुढच्या वर्षी त्यात दुरुस्त्या झाल्या. तेव्हापासून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, पोलीस निरीक्षकापर्यंत, बदली 'मंडळ ठरवेल' असं कायदा म्हणतो. मंडळात तिघे: एसपी अध्यक्ष, सर्वांत ज्येष्ठ अप्पर एसपी सदस्य, आणि मुख्यालयाचे डीवायएसपी म्हणजे पोलीस उपअधीक्षक, ज्यांना आपण होम डीवायएसपी म्हणतो, ते सदस्य सचिव. या तिघांत कुणीच मागासवर्गीय नसेल तर त्या प्रवर्गातला एक डीवायएसपी जादा सदस्य म्हणून घ्यावाच लागतो. ही अट लोक विसरतात. तुमच्या इतिवृत्तावर सह्या किती आणि कुणाच्या, ते आधी बघा.

हे सगळे पदसिद्ध असतात. साहेब बदलून गेले की नवे साहेब आपोआप अध्यक्ष. बाकीचे दोघे एरवी एसपींच्या हाताखाली, हे खरंच. पण मंडळापुरती त्यांची सही ही हुकूम पाळल्याची सही नसते, ते त्यांचं स्वतःचं मत असतं. माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं एक सांगतो.

मंडळाची फाइल मी तयार करायचो. आडव्या कागदावर तक्ता: अनुक्रमांक, नाव, बक्कल नंबर, सध्याचं ठाणं, तिथे हजर झाल्याची तारीख, प्रस्तावित ठाणं, आणि शेवटचा रकाना 'कारण'. तो रकाना बहुतेक वेळा माझ्याकडे कोराच यायचा आणि मी 'प्रशासकीय' टाकायचो. एकदा सहा नावांचा तक्ता होता. बैठक न घेता फाइल फिरवून सह्या घ्यायच्या असं ठरलं. एसपींची सही झाली. अप्पर एसपी नवीन आलेले, वयाने लहान. त्यांनी फाइल रात्रभर ठेवली. सकाळी परत आली तेव्हा टिपणीच्या समासात हिरव्या शाईत चार ओळी होत्या: बैठक झालेली नाही, अ.क्र. २ व ५ यांचा कालावधी पूर्ण नाही, कारण नमूद नाही, कृपया बैठक लावावी. मी ती फाइल हातात घेऊन एसपींच्या केबिनबाहेर उभा होतो, आत जायची हिंमत होईना. साहेबांनी वाचलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "उद्या अकराला लावा." बैठक झाली, चाळीस मिनिटं चालली. क्रमांक २ आणि ५ वगळले गेले. त्यातला एक शिपाई पुढे माझ्याकडे पेढे घेऊन आला. त्याला कुणी वाचवलं हे त्याला माहीतच नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

म्हणून म्हणतो, त्या दोन सह्यांना किंमत आहे. कायद्याने तर आहेच.

आणि एक कबूल करतो. मागाहून बैठकीचं इतिवृत्त टंकून घेणारा मीही होतो. वरून निरोप यायचा, 'आदेश आज काढा, मंडळाचं नंतर बघू.' तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आज तुमचं वाचून वाटतंय.

आता कामाचं. माहिती अधिकारात आणखी एक अर्ज टाका. त्यात इतिवृत्त पुन्हा मागू नका. मूळ फाइलची टिपणी मागा, १४ जूनच्या आदेशाचा जावक क्रमांक असलेलं जावक रजिस्टरचं पान मागा, बैठकीची सूचना सदस्यांना कधी दिली ते मागा. फाइल प्रत्यक्ष पाहायलाही मागता येते, तेही अर्जात लिहा. इतिवृत्त नव्याने टंकता येतं. जावक रजिस्टरला दोन नोंदींच्या मधे जागा नसते.

काळाकोट_मॅट

मी छत्रपती संभाजीनगरला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, मॅटमध्ये, वकिली करतो. वरच्या काकांनी गाभा सांगितला आहे, मी कोर्टाच्या बाजूचं लिहितो.

ताई, तुमच्या मिस्टरांचा मुद्दा कलम २२ एन चा आहे. अंमलदारांना एका ठिकाणी पाच वर्षांचा कालावधी आहे. अडीच वर्षांत हलवलं म्हणजे ही मुदतपूर्व बदली. ती करता येत नाही असं नाही. शिस्तभंगाची कारवाई, न्यायालयाने दोषी ठरवणं, भ्रष्टाचाराचा आरोप अशी काही कारणं पोटकलम १ मध्येच दिली आहेत. त्याखेरीज पोटकलम २ खाली अपवादात्मक परिस्थितीत, जनहितासाठी आणि प्रशासकीय निकडीमुळे सक्षम प्राधिकारी बदली करू शकतो. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हा सक्षम प्राधिकारी म्हणजे जिल्ह्याचं मंडळ. एसपी नव्हेत. त्यामुळे आदेश निघण्याच्या क्षणी मंडळाचा निर्णय अस्तित्वात हवा. १४ ला तो नव्हता असं कागदावर दिसलं, तर आदेश काढणाऱ्याकडे त्या दिवशी अधिकारच नव्हता, असं आम्ही मांडतो. मंडळाची रचना चुकली किंवा मंडळाने खरोखर विचारच केला नाही, या कारणांवर मॅटने बदल्या रद्द केलेल्या आहेत.

समोरून दोन उत्तरं येतील, आधीच सांगून ठेवतो. पहिलं, "मंडळाने नंतर मान्यता दिली." दुसरं, "गंभीर तक्रार होती." दुसऱ्याला कायद्यात आधार आहे. गंभीर तक्रार, अनियमितता किंवा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तर सर्वोच्च सक्षम प्राधिकारी मंडळाच्या शिफारशीशिवायही बदली करू शकतो, असं परंतुक आहे. पण ते 'सर्वोच्च' प्राधिकाऱ्याला दिलंय, जिल्ह्याच्या एसपींना एकट्याला नाही, असा आमचा युक्तिवाद असतो. शिवाय तुमच्या आदेशात 'मंडळाच्या मान्यतेने' असं लिहिलंय, तक्रारीचा शब्द नाही. १९७८ च्या मोहिंदरसिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासायची, नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणं जोडायची नाहीत. आणि तक्रारीवरून शिक्षा म्हणून बदली केली असेल तर २००९ चा सोमेश तिवारी निकाल आहे: शिक्षेच्या जागी बदली वापरता येत नाही.

मंडळातल्या साहेबांच्या कायदेशीर स्थानाबद्दल तुम्ही विचारलंत, त्यावर मला आवडणारा निकाल १९९५ चा आहे, अनिरुद्धसिंहजी जाडेजा विरुद्ध गुजरात राज्य. टाडाखाली, म्हणजे तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली, गुन्हा नोंदवायला पूर्वमान्यता देण्याचा अधिकार कायद्याने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला दिला होता. त्याने स्वतः ठरवण्याऐवजी वर विचारलं आणि वरून परवानगी आल्यावर पुढे गेला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कायद्याने ज्याच्या हाती निर्णय दिला त्यानेच तो घ्यायचा. दुसऱ्याच्या सांगण्यावरून वापरलेला अधिकार हा अधिकार न वापरल्यासारखाच. तिथे वरिष्ठानेही मधे यायचं नव्हतं. तोच न्याय तुमच्या अप्पर एसपींना आणि होम डीवायएसपींना लावा. मंडळात एसपी त्यांचे अध्यक्ष आहेत, मत मात्र त्यांचं त्यांनीच द्यायचं आहे.

कुणाविरुद्ध? शासन, गृह विभागामार्फत. आणि पोलीस अधीक्षक, पदनामाने. व्यक्तीच्या नावाने प्रतिवादी करायचं ते आकसाचा आरोप असेल तरच, कारण ज्याच्यावर आकसाचा आरोप आहे त्याला उत्तर देण्याची संधी नावानिशी मिळाली पाहिजे. टिप्परची गोष्ट तुम्ही सिद्ध करू शकत नसाल तर ती मध्यभागी ठेवू नका. आकसाचा आरोप करणं सोपं असतं आणि तो सिद्ध करणं फार अवघड. तारखांचा मुद्दा कागदावर उभा आहे, त्यावरच उभे राहा.

सरळ हायकोर्टात जाता येत नाही, आधी मॅट. मुदत एक वर्ष, पण बदलीत एक महिनासुद्धा फार असतो. तुमच्या जागी दुसरा माणूस हजर होऊन बसला की स्थगिती मिळणं कठीण जातं. मिस्टर नव्या ठाण्यात हजर झाले हे बरंच झालं. गैरहजर राहिले असते तर कसुरीचं प्रकरण वेगळं लागलं असतं.

खाकीचा_भाऊ

वहिनी, माझा मोठा भाऊ फोर्समध्ये आहे, म्हणून मनापासून सांगतो. मॅटला जाण्याआधी मिस्टरांना ओआरला, साहेबांच्या ऑर्डरली रूमला, उभं राहू द्या. सासूबाईंचे डायलिसिसचे कागद, मुलीचं शाळेचं पत्र, विनंती अर्ज. बऱ्याचदा साहेबांनाच माहीत नसतं घरी काय चाललंय. माझ्या भावाचं काम तसंच झालं. केस केली की नंतर पंधरा वर्षं 'कोर्टवाला' म्हणून ओळखतात. बंदोबस्त, रजा, सगळीकडे ते आठवतं लोकांना. लढू नका म्हणत नाही. आधी हे करून बघा.

गोदाकाठची

भाऊ, ओआर झाली. २ जुलैला ते उभे राहिले, कागद दाखवले. साहेब नीट बोलले, "बघतो" म्हणाले. त्याला आता सात आठवडे झाले. मिस्टर दर सोमवारी पहाटे साडेचारला निघतात. डायलिसिसला सासूबाईंना मी नेते, मुलगी तिथेच बाकावर बसून अभ्यास करते.

काका, तुमच्या चार ओळी मी मिस्टरांना वाचून दाखवल्या, हिरव्या शाईच्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अर्ज टाक."

मंत्रालय_माजी

मी गृह विभागात कक्ष अधिकारी होतो. धाग्याचा प्रश्न जिल्ह्याचा आहे, पण हाच घोळ वरपर्यंत आहे, म्हणून थोडं लिहितो.

हे मंडळ आपल्याकडे उगवलं ते प्रकाश सिंह खटल्यातून. उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, निकाल २२ सप्टेंबर २००६ ला लागला. सात निर्देश होते, त्यातला एक आस्थापना मंडळाचा. न्यायालयाची कल्पना साधी होती: महासंचालक आणि त्यांच्याच खात्यातले चार वरिष्ठ अधिकारी. डीवायएसपी आणि त्याखालच्यांच्या बदल्या त्यांनी ठरवायच्या, एसपी आणि वरच्यांसाठी शासनाला शिफारस करायची. शासनाने हात घालायचा तो अपवाद म्हणून, आणि कारण लिहून.

आपण कायदा केला तेव्हा राज्य पातळीवरच्या मंडळ क्रमांक १ चं अध्यक्षपद गृह विभागाच्या अप्पर मुख्य सचिवांकडे गेलं. महासंचालक उपाध्यक्ष झाले. सोबत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे महासंचालक, मुंबईचे पोलीस आयुक्त, आणि सदस्य सचिव म्हणून आस्थापनेचे अप्पर महासंचालक. आणि डीवायएसपीची बदली, जी न्यायालयाने मंडळाच्या हाती दिली होती, ती आपल्याकडे गृहमंत्र्यांच्या हाती राहिली, आयपीएसची मुख्यमंत्र्यांच्या.

मग अप्पर मुख्य सचिव तिथे कोण? मंडळाचे अध्यक्ष म्हणून ते वैधानिक पदावर असतात, कुणाच्या आदेशाने मत बदलणं त्यांनी अपेक्षित नाही. तीच शिफारस घेऊन दुपारी ते मंत्र्यांपुढे फाइल ठेवतात, तेव्हा ते मंत्र्यांचे सचिव असतात. माझ्या टेबलावरून दोन्ही कागद गेले आहेत. पहिल्यावर 'मंडळाने शिफारस केली', दुसऱ्यावर 'आदेशार्थ सादर', आणि दोन्हींवर एकच सही. मला हे कधीच पटलं नाही. पोलीस खात्याला राजकारणापासून अंतर मिळावं म्हणून केलेल्या मंडळाच्या खुर्चीत राजकीय प्रमुखाचाच सचिव बसतो, तर ते अंतर उरतं कुठे?

मंडळात बसल्यामुळे चौकशीपासून संरक्षण मिळतं का, हाही प्रश्न २०२१ मध्ये आलाच. पोलीस बदल्यांबाबतचा भाग माजी गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावरच्या सीबीआयच्या एफआयआरमधून वगळावा ही राज्य सरकारची मागणी मुंबई उच्च न्यायालयाने २२ जुलै २०२१ ला फेटाळली. पुढे सीबीआयने मुख्य सचिव आणि महासंचालक यांना समन्स पाठवलं, त्याविरुद्धची राज्याची याचिकाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेटाळली गेली. मूळ आरोपांचं काय व्हायचं ते त्या त्या न्यायालयात. मी एवढंच सांगतोय की 'निर्णय मंडळाचा होता' म्हणून सदस्याला तपासाच्या प्रश्नांतून सूट मिळत नाही. तो लोकसेवक असतो, खुर्चीत आणि खुर्चीबाहेरही.

काळाकोट_मॅट

वरच्या साहेबांना एक जोड. सद्भावनेने केलेल्या कामासाठी पोलीस अधिनियमातच कलम १५९ खाली संरक्षण आहे. ते अधिकाऱ्याला दंड आणि नुकसानभरपाईपासून वाचवतं. चुकीचा आदेश त्याने वाचत नाही. ताई, म्हणून घाबरू नका, तुम्ही कुणाला तुरुंगात पाठवायला निघालेल्या नाही. एक कागद रद्द करून मागताय.

गोदाकाठची

सगळ्यांना कळवायचं होतं. फाइल बघायला मिळाली.

एका छोट्या खोलीत टेबलावर ठेवली होती, शेजारी एक ताई उभ्या. मी वही घेऊन गेले होते. तक्त्यात एकच नाव, मिस्टरांचं. 'कारण' या रकान्यात 'प्रशासकीय'. काकांनी सांगितलं होतं अगदी तसंच, वाचताना हात थरथरला माझा. जावक रजिस्टरला आदेशाचा क्रमांक १४ जूनला पडलाय. बैठकीची सूचना फाइलला नाहीच. इतिवृत्तावर तीन सह्या आहेत, १७ जूनच्या. पण होम डीवायएसपी साहेब १० ते २० जून अर्जित रजेवर होते, त्यांचा पदभार दुसऱ्या साहेबांकडे होता, तसा आदेश त्याच फाइलला मागे लावलेला आहे. सही मात्र रजेवरच्या साहेबांची. मी ते पान दोनदा वाचलं. मग प्रती मागितल्या, अकरा पानं, बावीस रुपये.

वकील साहेबांशी मी खाजगीत बोलले, त्यांनी अर्ज तयार केला. टिप्परचा त्यात एकच उल्लेख आहे, तारखेपुरता. काल रात्री मिस्टर घरी आले तेव्हा मसुदा त्यांच्यापुढे ठेवला. जेवणं झाल्यावर त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. प्रतिवादी क्रमांक ३ असा लिहिलाय: 'पोलीस अधीक्षक तथा अध्यक्ष, जिल्हा पोलीस आस्थापना मंडळ.' त्यांनी 'तथा'खाली पेन्सिलने रेघ मारली आणि मला म्हणाले, "हेच तू विचारत होतीस ना?"

सही त्यांनी आज सकाळी केली, निघण्याआधी.

निवृत्त_बारनिशी

ताई, रजेच्या आदेशाची प्रत साक्षांकित करून घ्या, साधी झेरॉक्स लावू नका. आणि तारीख मिळाली की इथे कळवा. मी येईन त्या दिवशी, मागच्या बाकावर बसेन.